मालमत्तेचे विवरण आणि मतदाराचा हक्क
(हैदराबाद येथील मराठी बांधवांपुढे केलेले भाषण)



ज्या शहरात आपण जमलो आहोत, तेथे १९४९ पर्यंत निजामाची सर्फेखास नांदत होती. ती राजाची खाजगी दौलत. तिच्या वसुलाचा हिशेब मागण्याची रयतेची प्राज्ञा नव्हती. आज त्याच शहरात नगरसेवकपदाच्या उमेदवाराला आपला जमीनजुमला, दागदागिने आणि कर्ज शपथेवर लिहून द्यावे लागते. हा पालट लहान नव्हे.

तो सुखासुखी झालेला नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता, देणी आणि गुन्हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. संसदेने कायदा करून तो निकाल बोथट करण्याचा यत्न केला; १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द ठरविले. हे निकाल लोकसभा-विधानसभांपुरते होते. पण राज्य निवडणूक आयोगांनी तोच दंडक नगरपालिकांना लावला. २०२० च्या डिसेंबरात झालेल्या निवडणुकीसाठी हैदराबाद महापालिकेच्या १५० प्रभागांतील उमेदवारांनीही अशी प्रतिज्ञापत्रे भरली.

प्रतिज्ञापत्र खोटे निघाले तर? म्हैसूरच्या एका महापौरांची निवड याच कारणास्तव रद्द झाली. मालमत्तेची खोटी माहिती देणे हा निवडणुकीतील भ्रष्ट मार्गच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. कर्नाटकाचा १९७६ चा महापालिका कायदा तर नगरसेवकाकडून दरवर्षी विवरण मागतो. आम्हांस हेच योग्य वाटते. एका दिवसाचा जमाखर्च फारसे सांगत नाही. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले म्हणजे ते बोलू लागतात.

परंतु बांधकामाचा परवाना देणारा हात बहुधा नगरसेवकाचा नसतो, अधिकाऱ्याचा असतो. आंध्र प्रदेशाच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार, जे पुढे तेलंगणातही चालू राहिले, सरकारी सेवकालाही दरसाल मालमत्तेचे विवरण द्यावे लागते. मात्र ते वरिष्ठांच्या कपाटात जाते. अशी माहिती, व्यापक लोकहित दाखविल्याखेरीज, खाजगी समजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले. म्हणजे पाच वर्षांसाठी आलेल्या नगरसेवकाचा कागद उघडा, आणि तीस वर्षे खुर्चीवर बसणाऱ्याचा कागद झाकलेला!

अधिकाऱ्यालाही घरदार आहे, त्याची खाजगी बाब चव्हाट्यावर का आणावी, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च आम्ही विचारीत नाही. सार्वजनिक पगारावर असताना किती भूखंड वाढले, एवढेच विचारतो. ज्याचा हिशेब सरळ आहे, त्याला उजेडाचे भय कशाला?

आणि आपलेही एक कर्तव्य आहे. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र मतदानापूर्वी किती मतदार वाचतात? मिळालेला हक्क वापरला नाही, तर तो कागदावरच राहतो. पुढच्या निवडणुकीत आपल्या प्रभागातील उमेदवाराचा जुना कागद आणि नवा कागद ताडून पाहा, आणि मगच मत द्या. एवढीच आमची विनंती आहे.