अस्वलांच्या मुलखात पाढे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जंगलातून एकट्यानं चालायचं म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा येते ती शांतता. पानांची सळसळ, पाण्याचा आवाज, आणि आपण तोंड मिटून चाललेलो. मी आज ज्या जंगलाबद्दल बोलणार आहे तिथं मात्र तोंड मिटून चालणं हाच सगळ्यात मोठा धोका समजतात.

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, अगदी कॅनडाच्या सीमेला लागून ग्लेशियर नॅशनल पार्क आहे. १९१० साली स्थापन झालेलं, सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचं. इथला उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा. डोंगर ओलांडून जाणारा मुख्य रस्ता बर्फामुळे जूनच्या अखेरीस नाहीतर जुलैत उघडतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा बंद होतो. त्या तीन महिन्यांत लाखो माणसं येतात. त्यांच्या खोल्या झाडायला, चादरी बदलायला, ताटं विसळायला शेकडो हात लागतात, आणि ते बहुतेक विद्यार्थ्यांचे असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यातले दोन हात माझे होते. मी नागपूरची, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, वय बावीस. पार्कच्या पूर्व बाजूला मेनी ग्लेशियर नावाचं खोरं आहे. तिथं तळ्याच्या काठी रेल्वे कंपनीनं १९१५ साली उघडलेलं मोठं लाकडी हॉटेल आहे. त्याच्या हाऊसकीपिंगमध्ये मी होते.

आठवड्यातून दोन दिवस सुटी. सुटीच्या दिवशी काय करायचं, हा प्रश्न तिथं कुणालाच पडत नाही. सगळे चालायला जातात. मीही जायची, चौघा-पाचांच्या घोळक्यात. पण ऑगस्टमध्ये माझी सुटी बदलली, बाकीच्यांची तीच राहिली. मला हायलाइन नावाची वाट चालायची होती. लोगन खिंडीतून निघायचं, ग्रॅनाइट पार्क नावाच्या दगडी शॅलेपर्यंत जायचं, आणि तिथून स्विफ्टकरंट खिंड ओलांडून थेट आपल्या हॉटेलच्या खोऱ्यात उतरायचं. पंधरा मैल, म्हणजे चोवीस किलोमीटर. दोन आठवडे सोबत शोधली, मिळाली नाही. मग एकटीनं जायचं ठरवलं.

पार्कचे रेंजर एकट्यानं चालू नका असंच सांगतात. कारण ग्रिझली. पार्कमध्ये सुमारे तीनशे ग्रिझली अस्वलं आहेत, शिवाय त्यांच्या दुपटीनं काळी अस्वलं. ग्रिझली माणसाची शिकार करायला टपून बसलेलं नसतं. पण वळणावर अचानक समोरासमोर आलं, त्यातून सोबत पिल्लू असलं, तर ते विचार करत बसत नाही. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस पार्कच्या हद्दीला लागूनच्या जंगलात सायकलवरून चाललेला एक माणूस असाच वळणावर ग्रिझलीवर जाऊन आदळला आणि प्राणाला मुकला. आम्ही सगळे तेव्हा नुकतेच कामाला लागलो होतो. त्यानंतरचे कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

यावर उपाय दोन. पहिला, बेअर स्प्रे. हा म्हणजे आपल्या मिरचीचा अर्क, दाबाखाली डब्यात भरलेला. कमरेला लावायचा, पाठीवरच्या पिशवीत नाही, कारण वेळ आली तर पिशवी उघडायला कुणी थांबत नाही. विमानात तो नेता येत नाही, त्यामुळे उन्हाळा संपला की जाणारा राहणाऱ्याला देऊन जातो. माझा डबा असाच वारशानं आलेला, तारीख तपासून घेतलेला. विदर्भातल्या मुलीला संरक्षणासाठी तिखट दिलं जातं याची मला गंमत वाटली होती.

दुसरा उपाय, आवाज. दुकानांत पिशवीला बांधायची छोटी घुंगरं मिळतात, पण पार्कवाले म्हणतात त्यांचा उपयोग नाही, माणसाचा आवाज हवा. बोला, टाळ्या वाजवा, वळण यायच्या आधी ओरडा. अस्वलाला कळलं की माणूस येतोय, की बहुतेक वेळा ते स्वतःच बाजूला होतं.

हे मला नवीन नव्हतं. माझं आजोळ गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला. तिथं उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला बाया रानात जातात, आणि मोह अस्वलालाही तितकाच प्रिय. दरवर्षी विदर्भात कुणी ना कुणी अस्वलाच्या तावडीत सापडतं. लहानपणी आजीबरोबर गेले की ती सांगायची, ‘‘तोंड बंद ठेवून चालू नोको, बाबू. अस्वलाले समजलं पायजे, मानूस येऊन राह्यला.’’ त्याच आजीची लेक, म्हणजे माझी आई, नागपुरात मला बरोबर उलटं सांगायची. रस्त्यानं खाली मान घालून जा, मोठ्यानं हसू नकोस, कुणाचं लक्ष वेधून घेऊ नकोस. दोघींचंही मला समजत होतं. पण एकटीनं चोवीस किलोमीटर चालायची वेळ आली ती आजीच्या शिकवणीची, हे बरं झालं.

वसतिगृहाच्या दाराशी एक फळा होता. सुटीवर जाणाऱ्यानं नाव, वाट, परतायची वेळ त्यावर लिहायची. मी ‘संध्याकाळी सात’ लिहिलं. पहाटे एका सहकाऱ्यानं त्याच्या गाडीतून लोगन खिंडीपर्यंत सोडलं. सात वाजता चालायला लागले. खिंड दोन हजार मीटरवर आहे. ऑगस्ट असूनही हातमोजे घालावे लागले.

सुरुवातीलाच कड्यात कोरलेली वाट लागते. सहा-आठ फूट रुंद, एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला सरळ खाली गाडीरस्ता. खडकात लोखंडी दोर ठोकलेला आहे आणि हाताला बोचू नये म्हणून त्यावर रबरी नळी चढवलेली. या टप्प्याचे फोटो फार प्रसिद्ध आहेत. मला तिथं भीती वाटली नाही, कारण मागंपुढं माणसं होती. कडा हा धोका डोळ्यांना दिसतो, आणि दिसणाऱ्या धोक्याशी जमवून घेता येतं.

तासाभरात माणसं विरळ झाली. मग प्रश्न आला, बोलायचं काय? एकट्या माणसाला मोठ्यानं बोलायला विषय लागतो. इतर लोक ‘हे बेअर, हे बेअर’ ओरडतात. मी दहा वेळा ओरडले आणि मलाच हसू यायला लागलं. गाणी म्हणून पाहिली, पण चढावर दम लागला की सूर तुटतो, आणि तुटलेला सूर आपल्यालाच ऐकवत नाही. शेवटी पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार. पाढ्याला चाल आहे, ठेका आहे, श्वास कुठं घ्यायचा ते ठरलेलं आहे. पावलागणिक एक ओळ. आमच्या शाळेत रोज सकाळी तिसापर्यंत म्हणून घेत. त्याचा असा उपयोग होईल, हे त्या बाईंना सांगायला हवं होतं.

डावीकडे खोल दरी, उजवीकडे गार्डन वॉल नावाची दगडाची लांबच लांब भिंत. पांढऱ्या रानशेळ्या वाटेत उभ्या असतात आणि आपणच बाजूला व्हावं अशी अपेक्षा करतात. शॅलेच्या थोडं अलीकडे एक फाटा भिंतीच्या माथ्यावर चढतो. एक किलोमीटरच, पण छाती फुटते. माथ्यावरून पलीकडे ग्रिनेल हिमनदी दिसते. राखाडी, दमलेला बर्फ आणि त्याच्या पायाशी हिरवंनिळं तळं, त्यात तरंगणारे तुकडे. २०१५ च्या मोजणीत पार्कमध्ये हिमनदी म्हणावी एवढ्या आकाराच्या सव्वीसच उरल्या होत्या. मी तिथं अर्धा तास बसले, वीस मिनिटं गप्प. उघड्या खडकावर गप्प बसायला हरकत नसते.

बारा वाजता शॅलेवर पोचले. आणि इथं मला थोडं थांबून सांगायचं आहे.

या शॅलेच्या मागच्या बाजूला एके काळी रोजचं खरकटं टाकत. ते खायला रात्री ग्रिझली येत आणि पाहुणे ते बघायला व्हरांड्यात जमत. तो कार्यक्रमच होता. १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री शॅलेजवळच्या तळावर झोपलेल्या एका मुलीला ग्रिझलीनं ओढून नेलं. त्याच रात्री काही मैलांवर ट्राउट लेकच्या काठी दुसऱ्या एका ग्रिझलीनं दुसऱ्या मुलीला. दोघीही गेल्या. पार्क स्थापन होऊन सत्तावन्न वर्षं झाली होती, तोवर इथं ग्रिझलीनं एकही माणूस मारला नव्हता. त्या दोघींचं वय एकोणीस. दोघीही उन्हाळ्यापुरत्या इथल्या लॉजवर कामाला आलेल्या आणि सुटीच्या निमित्तानं चालायला निघालेल्या. माझ्यासारख्याच.

लोक एकट्यानं जाऊ नका म्हणतात, पण त्या दोघी एकट्या नव्हत्या. दोघींबरोबर माणसं होती. त्यांच्यावर आलेलं संकट एकटेपणातून आलेलं नव्हतं. माणूस म्हणजे अन्न, असं आधीच्या कित्येक उन्हाळ्यांत अस्वलांना शिकवून ठेवलं होतं, आणि ते शिकवणारी माणसंच होती. त्या रात्रीनंतर अमेरिकेतल्या पार्कांचं धोरण बदललं. खरकटं टाकणं बंद झालं, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या आल्या, आपला कचरा आपण परत न्यायचा नियम झाला, अस्वल दिसलं की वाट बंद करायला लागले. कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलेलं असायचं की खोलीबाहेर बिस्किटाचा पुडासुद्धा राहता कामा नये. आपल्याकडे मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला कचरा, कचऱ्यामागे कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या, ही साखळी आपण पाहिलेली आहे. दोष मात्र बिबट्याला लागतो.

मी गेले त्या दिवशी शॅलेच्या व्हरांड्यात एका गृहस्थांनी दुर्बीण लावली होती. खालच्या दरीत, पाऊण मैलावर, एक तपकिरी ठिपका उकरत होता. मी पाहिलं. खांद्यावरचं मांसल उंचवट्याचं पोक, उन्हात चंदेरी दिसणारी पाठ. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. त्याला आमच्याकडून काहीच नको होतं.

दीड वाजता निघाले. स्विफ्टकरंट खिंडीपर्यंत छोटा चढ, आणि मग पलीकडे एकदम पायाखाली अख्खं खोरं. एकापुढे एक ओवलेली तळी आणि अगदी टोकाला माझं हॉटेल, काड्यापेटीएवढं. सुरेख दृश्य आहे, पण खरी परीक्षा तिथून खाली होती. कड्यावरची वळणं संपली की बुलहेड तळ्याजवळ वाट झुडपांत शिरते. डोक्याएवढी उंच झुडपं, दोन्ही बाजूंनी अंगाला घासणारी, आणि शेजारून खळाळता ओढा. ओढ्याच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना. त्यातून दिवस हकलबेरीचे. ही जांभळी रानफळं अस्वलांचं ऑगस्टमधलं मुख्य अन्न. वाटेत विष्ठा पडलेली, जांभळी, ताजी.

तेराचा पाढा मी केकाटून म्हणत होते. सतरा पंचे पंच्याऐंशीला डाव्या हाताच्या झुडपात काहीतरी मोडलं. मोठं, जड काहीतरी. मी थांबले. स्प्रेची चाप काढली. पळायचं नाही, हे पक्कं होतं, कारण पळणाऱ्याच्या मागे धावणं त्याच्या स्वभावात आहे. दोन पावलं मागं घेतली आणि बोलायला लागले, मराठीत, खालच्या आवाजात. काय बोलले ते नीट आठवतं. ‘‘मी जातेय बाबा, तू खा. मला काही नको.’’ झुडूप पुन्हा हललं, मग लांबचं झुडूप, मग आणखी लांबचं. ते अस्वल होतं की मूस हरीण, मला आजही माहीत नाही. मी दहा मिनिटं तिथंच उभी राहिले. पाय कापत होते, ते थांबेपर्यंत.

तेवढ्यात खालून एक वयस्क जोडपं वर येताना दिसलं. मी त्यांना झुडपांबद्दल सांगितलं. आजीबाई म्हणाल्या, तुझा आवाज आम्हाला केव्हापासून येतोय, आम्हाला वाटलं कुणी प्रार्थना म्हणत चाललंय. मी म्हटलं, गणित आहे. ते दोघंही तिथूनच मागं फिरले, आणि पुढचा तळ्याकाठचा तुकडा आम्ही तिघं मिळून उतरलो. तळ्यात एक मूस मादी पोटापर्यंत पाण्यात उभी राहून गवत खात होती. तिनंही आमच्याकडे पाहिलं नाही.

शेवटचे चार-पाच किलोमीटर मी पुन्हा एकटी होते, कारण ते दोघं तळ्याशी रेंगाळले. वीस, एकवीस, बावीस. पाठ होते ते पाढे केव्हाच संपले होते, आता बेरीज करत म्हणावे लागत होते. साडेसहाला पोचले, फळ्यावरचं नाव पुसलं, बूट काढले. दोन्ही अंगठ्यांना फोड. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिली खोली करायची होती.

रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठला, घरी फोन लावला. आजी तेव्हा नागपुरात आली होती. आईला मी बेताचंच सांगितलं. आजीनं फोन मागून घेतला.

‘‘अस्वल दिसलं का व?’’

‘‘दिसलं. लांबून.’’

‘‘बोलत गेलतीस ना?’’

‘‘पाढे म्हणत गेले आजी.’’

‘‘कितीपावतर?’’

‘‘एकोणतीसपर्यंत.’’

ती जरा थांबली. म्हणाली, ‘‘तिसाचा तर सगळ्यात सोपा. तो काऊन सोडला?’’