यंत्रशाळा आणि क्रीडांगण

(वाळपई येथे सत्तरी तालुक्यातील ग्रामस्थ, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या क्रीडास्पर्धांचा इतिहास हा आजचा विषय. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. घरातील पंखा बिघडला तर शेजाऱ्यांच्या मुलाला हाक मारणारा माणूस या विषयावर काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. तरीही हा विषय मी आपण होऊन निवडला, त्याला एक कारण घडले.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात हुशार आणि व्हॉलीबॉलमध्ये सर्वांच्या पुढे. बारावीनंतर त्याला दूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. घरात आनंदीआनंद झाला आणि त्याच आनंदात वडिलांनी बजावले, "आता चेंडू पुरे. आता फक्त पुस्तक." मुलाने शब्द पाळला. पण वर्ष संपता संपता तो शिक्षण सोडून गावी परतला. अभ्यास जड गेला का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "अभ्यासाचे काही नव्हते रे. तिथे माझे कोणी नव्हते." ते वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही. वडिलांचा हेतू चांगलाच होता. परंतु ज्या मैदानावर त्या मुलाला चार सोबती मिळाले असते, त्याच मैदानाची वाट त्याच्यासाठी बंद झाली होती. अभियांत्रिकी शिक्षण आणि खेळ यांचे वैर आहे, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

मुळेच्या काठावरील नौका

आपल्या देशातील अभियांत्रिकी शिक्षण फार जुने आहे. रुरकीचे महाविद्यालय १८४७ सालचे आणि पुण्याचे १८५४ सालचे. पूल, रस्ते व कालवे बांधण्यासाठी माणसे तयार करणे हा त्या काळी या संस्थांचा हेतू होता. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची नौकाशर्यत १८२९ सालीच सुरू झालेली होती. विद्यार्थ्याने वर्गाबाहेरही घडले पाहिजे, हा त्यामागचा विचार पुढे आपल्याकडेही आला.

मराठी मुलखात या विचाराने मूळ धरले ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. तेथे १९२८ साली बोट क्लब स्थापन झाला. मुळा नदीच्या पात्रात विद्यार्थी वल्ही मारू लागले आणि त्यातून 'रेगाटा' हा वार्षिक नौकोत्सव उभा राहिला. नावांच्या रचना, कयाकची लयबद्ध कवायत आणि अंधार पडल्यावर मशालींचे नृत्य पाहण्यासाठी पुणेकर नदीकाठी गर्दी करीत आले आहेत. हे महाविद्यालय २०२२ साली तंत्रज्ञान विद्यापीठ झाले, तरी नदीशी त्याचे नाते सुटलेले नाही.

नौकाशर्यतीतील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. शर्यतीच्या नावेत वल्हेकरी ज्या दिशेने नाव पुढे जाते तिकडे पाठ करून बसतात. अंतिम रेषा त्यांना दिसत नाही. समोर तोंड असते ते फक्त सुकाणू सांभाळणाऱ्याचे. त्याच्या आवाजावर विश्वास ठेवून सर्वांनी एकाच क्षणी वल्हे पाण्यात घालायचे आणि एकाच क्षणी बाहेर काढायचे. एकट्याने जास्त जोर लावला तर नाव वेगाने जात नाही, ती वाकडी जाते. पुढे धरणावर, कारखान्यात किंवा पुलाच्या बांधकामावर शेकडो माणसांबरोबर काम करावे लागणाऱ्या तरुणाला यापेक्षा मोठा धडा कोणता ग्रंथ देईल?

विद्यापीठांच्या मैदानावर

आंतर-विद्यापीठ मंडळाची स्थापना १९२५ साली झाली आणि विद्यापीठांमधील क्रीडास्पर्धांना हळूहळू सुसूत्र रूप आले. क्रिकेटमधील रोहिंटन बारिया चषकाची स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली. क्रीडाक्षेत्रात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठासाठी १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्यात येऊ लागला. अभियांत्रिकीचे विद्यार्थी या स्पर्धांत आपापल्या विद्यापीठाच्या संघातून उतरत. सकाळी व्याख्यान, दुपारी कर्मशाळा, रात्री आराखड्यांचे कागद आणि त्यातून उरलेल्या वेळात सराव, असा त्यांचा दिनक्रम.

ही ओढाताण किती खरी होती, याचे उदाहरण म्हणजे फिरकी गोलंदाज एरापल्ली प्रसन्ना. जानेवारी १९६२ मध्ये ते पहिला कसोटी सामना खेळले आणि त्याच वर्षी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेले. परत आल्यावर म्हैसूर येथे अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी खेळ बाजूला ठेवला. पुढचा कसोटी सामना त्यांना मिळाला तो थेट जानेवारी १९६७ मध्ये. जवळजवळ पाच वर्षे गेली, पण पदवीही हाती आली आणि पुढे ४९ कसोटी सामन्यांत १८९ बळीही मिळाले. त्यांचे सहकारी वेंकटराघवन हे मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्यानंतरच्या पिढीतील जवागल श्रीनाथ आणि ६१९ कसोटी बळी घेणारे अनिल कुंबळे हे दोघेही अभियंतेच. प्रत्येक मुलगा कुंबळे होईल असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुस्तक आणि चेंडू एका हातात मावत नाहीत, हे म्हणणे या नावांपुढे टिकत नाही.

१९६१ : एक नवे पर्व

स्वातंत्र्यानंतर देशाला मोठ्या संख्येने अभियंते हवे होते. खरगपूर येथे १९५१ साली पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच आय. आय. टी., सुरू झाली. हिजली येथील ज्या इमारतीत परकीय सत्तेने स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते, त्याच इमारतीत तिचे वर्ग भरले. पाठोपाठ मुंबई, मद्रास, कानपूर व दिल्ली येथे अशा संस्था उभ्या राहिल्या. या संस्थांची आपसांतील क्रीडास्पर्धा १९६१ साली सुरू झाली. डिसेंबर १९६१ मध्ये आपला गोवा मुक्त झाला, हे आपणांस सांगावयास नको.

आरंभी या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आज त्या तेवीस आहेत. हिवाळ्यात त्यांचे खेळाडू यजमान संस्थेत जमतात. मैदानी खेळ, क्रिकेट, फुटबॉल, हॉकी, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, टेनिस, भारोत्तोलन अशा अनेक प्रकारांत सामने होतात, तर जलतरणाच्या स्पर्धा वेगळ्या भरतात. कोविडच्या साथीने या क्रमात खंड पडला, पण साथ ओसरताच मैदाने पुन्हा जागी झाली.

याच सुमारास, म्हणजे १९५९ पासून, राज्योराज्यी प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यांत निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांना आणि निम्म्या परप्रांतीयांना, अशी योजना होती. एका वसतिगृहात दहा भाषा नांदू लागल्या. ज्यांना एकमेकांचे बोलणे समजत नव्हते त्यांना एकमेकांचा पास मात्र समजला. हीच महाविद्यालये पुढे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली आणि त्यांच्याही आपसांतील स्पर्धा होत आल्या आहेत. पदविका घेणारे विद्यार्थीही यात मागे राहिले नाहीत. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांसाठी विभागवार स्वतंत्र आंतर-पदविका क्रीडास्पर्धा भरविल्या जातात.

गोमंतकातील वाटचाल

गोव्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ सालचे. फर्मागुढीच्या पठारावरील त्याची वास्तू आपण पाहिलीच असेल. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू होईपर्यंत गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे विद्यापीठाच्या संघात स्थान मिळवायचे तर स्पर्धा होती ती मुंबईच्या खेळाडूंशी. स्वतःचे विद्यापीठ आल्यावर ते मैदान घराजवळ आले.

त्यानंतर झुआरीनगर येथे २००४ साली बिट्स पिलानीचे संकुल सुरू झाले आणि तेथील 'स्प्री' या क्रीडामहोत्सवाला बाहेरगावचे संघ येऊ लागले. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था २०१० साली आणि आय. आय. टी. २०१६ साली गोव्यात आली. दोन्ही संस्थांचा आरंभ फर्मागुढीलाच झाला. म्हणजे १९६१ साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेत आता गोव्याच्या नावाचाही संघ आहे.

आय. आय. टी.चे नाव निघाले की सत्तरीकरांच्या मनात शेळ-मेळावली येते, याची मला जाणीव आहे. तेथील नियोजित जागेला ग्रामस्थांनी विरोध केला आणि जानेवारी २०२१ मध्ये शासनाने ती जागा सोडली. जमीन, जंगल आणि बागायती यांविषयीच्या त्या भावना खऱ्या होत्या. त्यावर आज मी अधिक बोलणार नाही. एवढेच म्हणतो की संस्थेची इमारत कोठेही उभी राहो, तिच्या वर्गात आणि मैदानावर सत्तरीची मुले-मुली असली पाहिजेत. त्यासाठी कोणाची जमीन लागत नाही. त्यासाठी घराची संमती लागते.

नवी दारे

ही संमती मुलींच्या बाबतीत विशेष अगत्याची आहे. गिंडीच्या महाविद्यालयातून १९४३ साली ए. ललिता अभियंता होऊन बाहेर पडल्या, तेव्हा देशात हे अघटित वाटले होते. पुढे कित्येक वर्षे या संस्थांत मुलींचा एक संघ उभा करणेही अवघड होते, कारण मुलीच मोजक्या होत्या. २०१८ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी मुलींसाठी अधिक जागा निर्माण केल्या. वर्गातील संख्या वाढली की मैदानावरचीही वाढते.

आणखी एक वार्ता शिक्षकांनी मुद्दाम टिपून घ्यावी. मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अधिक जागा ठेवल्या आणि त्यांपैकी एक मुलींसाठी राखली. त्यासाठी जे. ई. ई. ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरील पदक, ही दोन्ही हवीत. त्यानंतर आणखी काही आय. आय. टी.ही याच वाटेने निघाल्या. एका काळी ज्या चेंडूला अभ्यासाचा शत्रू मानले गेले, तोच आता प्रवेशद्वारी साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

वाळवंटीच्या पात्रात

शेवटी आपल्याच परिसरातील एका उत्सवाची आठवण करून देतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडल्या जातात आणि त्यांची स्पर्धा होते. गावोगावचे तरुण कित्येक रात्री जागून त्या नौका घडवितात. नाव तरंगली पाहिजे, कलंडता कामा नये, दिव्यांचा भार तिने पेलला पाहिजे. हे अभियांत्रिकी नव्हे तर दुसरे काय? पुण्यात २००८ साली यंत्रमानवांची आशियाई स्पर्धा भरली, तेव्हा तिचा विषय 'गोविंदा' होता. निरनिराळ्या देशांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या दहीहंडीवर बेतलेला खेळ यंत्रांकडून खेळवून घेतला. आपल्या अंगणातील खेळ जगाच्या यंत्रशाळेत जाऊ शकतो, याचा हा दाखला आहे.

मित्रहो, माझी विनंती मोठी नाही. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या वर्गांचा खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. महाविद्यालयात निघालेल्या मुलाच्या पिशवीत पालकांनी पुस्तकांबरोबर खेळाचे बूटही ठेवावेत. आणि विद्यार्थ्यांनी वसतिगृहात पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मैदान कोठे आहे, ते विचारावे. तेथे कोणी ना कोणी खेळत असेलच. त्यांना एक गडी कमी पडत असण्याचा संभव आहे.

माझ्या त्या वर्गमित्राला हे कोणी वेळेवर सांगितले असते तर फार बरे झाले असते. त्याला सांगावयाचे राहून गेले, ते आज आपल्यापुढे सांगितले.