दप्तर संगणकावर नेताना



१९५०-५१ च्या हंगामात पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सभासदाच्या पैशाचा चोख हिशेब हा सहकाराचा कणा. तोच आता संगणकावर जात आहे. २०२२ मध्ये केंद्र शासनाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील विकास सोसायट्यांच्या दृष्टीने हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

दप्तर हलविण्यापूर्वी जुन्या प्रणालीतील सर्व खात्यांची यादी फाइलीच्या रूपाने काढून घ्यावी. तीत प्रत्येक खात्याचा क्रमांक, नाव, गट व शिल्लक असावी. क्रमांकाच्या प्रारंभीची शून्ये तक्त्यात गळतात. जुन्या फाँटमधील मराठी नावे अवाचनीय होतात. म्हणून क्रमांक मजकूर म्हणून ठेवावेत, नावे युनिकोडमध्ये आणावीत.

तेरीज जुळली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. मुदत ठेवीचे खाते चुकून भागभांडवलाच्या गटात पडले, तरी दोन्ही जमेच्याच बाजूची असल्याने तेरीज जुळतेच. पण सभासदाला देणे असलेली रक्कम ताळेबंदात संस्थेचे स्वतःचे भांडवल म्हणून दिसू लागते!

म्हणून सचिवांनी यादीतील प्रत्येक ओळ खतावणीशी ताडावी व संचालकांनी ती पाहावी. यंत्र बेरीज अचूक करील. कोणती रक्कम कोणाची, हे माणसानेच सांगावयाचे आहे.