वायू आपल्या जमिनीतला, भाव कोणाचा?



सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी नळाने बडोद्यात आणले, हे आपण अभिमानाने सांगतो. १९७२ साली महापालिकेने पाइपलाइनने गॅस आणला. नैसर्गिक वायू थेट स्वयंपाकघरात देणाऱ्या देशातील अगदी पहिल्या शहरांत आपले बडोदे होते.

खंभातजवळ लुणेजला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल-वायूचे साठे सापडले. तेव्हापासून ‘गुजरातला गॅसची काय कमी?’ असा आपला समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. आज देशात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा परदेशातून येतो. उणे १६० अंशांच्या आसपास थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो सहाशेपट कमी जागेत मावतो. असा वायू २००४ पासून दहेजला आणि २००५ पासून हजिऱ्याला जहाजांतून उतरतो. त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. २०२२ साली युक्रेनच्या युद्धामुळे तो भडकला, तेव्हा मोरबीच्या अनेक टाइल्स कारखान्यांनी प्रोपेनवर भट्ट्या चालवल्या. घरच्या शेगडीला असा पर्याय सहज मिळत नाही.

मग राज्य सरकारच्या हाती काय? गुजरातने २००१ साली वायूसाठी स्वतःचा कायदा केला. मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नैसर्गिक वायू, द्रवरूपातलासुद्धा, हा केंद्राचा विषय आहे. जमिनीवरील विहिरींची रॉयल्टी राज्याला मिळते. परंतु जुन्या क्षेत्रांतील वायूच्या भावाचे सूत्र दिल्लीच ठरवते. एप्रिल २०२३ पासून केंद्राने त्या भावाला कमाल मर्यादा घातली आहे.

कर मात्र राज्याच्या हातात आहे. वायू जीएसटीत नसल्याने त्यावर व्हॅट लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्य सरकारने सीएनजी व घरगुती गॅसवरील व्हॅट दहा टक्क्यांनी उतरवला. निवडणुकीपूर्वी जे जमले, त्याची मागणी एरवीही करता येते.

शहराचा गॅसपुरवठा २०१३ साली महापालिका आणि गेल यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला. तेव्हा मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला दोन प्रश्न अवश्य विचारा. आमच्या बिलात वायूची किंमत किती आणि कर किती? त्या कंपनीत शहराच्या वतीने कोण बोलते? दांडिया बाजारात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांनी हे विचारायचे नाही, तर कोणी विचारायचे?