साऱ्याचा हिशेब तपासायचा कोणी?



अमेरिकेच्या राज्यकारभारावर बारडोलीत बोलायचं, हे मला मुळीच आडवाटेचं वाटत नाही. या भागातली कितीतरी कुटुंबं तिकडे मोटेलं चालवतात. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, त्यांना त्याआधी अधिकाऱ्यासमोर बसून तोंडी उत्तरं द्यावी लागली. कायदे कोण करतं? सरकारची एक शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय तजवीज आहे? वसाहतीतले लोक इंग्रजांशी का लढले? उत्तरं पाठ करता येतात. त्यामागचं कारण समजून घ्यायचं असेल तर १९२८ सालचा बारडोलीचा सत्याग्रह पाहावा.

अमेरिकेच्या घटनेने कामाची वाटणी केली आहे. कर बसवायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. महसुलाचं विधेयक आधी प्रतिनिधिगृहातच मांडावं लागतं. तिथल्या सभासदांना दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जावं लागतं. वसुली राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालच्या खात्याकडे. ती बेकायदा वाटली तर दाद न्यायालयात.

आता आपल्या तालुक्याकडे या. मुंबई इलाख्याचा काळ. आधीच्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपत आली आणि जमीनमहसुलाची, म्हणजे साऱ्याची, फेरआकारणी निघाली. डेप्युटी कलेक्टर जयकर यांनी सुमारे तीस टक्के वाढ सुचवली, सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी वेगळ्या हिशेबाने एकोणतीस, आणि सरकारने बावीस टक्क्यांच्या आसपास शिक्कामोर्तब केलं. आकारणी महसूल खात्याची, वसुली त्याच खात्याची, आणि हरकतीचा अर्जही त्याच खात्याकडे! दिवाणी कोर्टात जावं तर १८७६ च्या कायद्याने आकारणीचा वाद कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवलेला. मुंबईच्या कायदे कौन्सिलातले सभासद बोलत होते, पण त्यांचं ऐकणं सरकारवर बंधनकारक नव्हतं.

म्हणूनच १२ फेब्रुवारी १९२८ ला बारडोलीच्या शेतकऱ्यांनी केलेला ठराव मला फार मोलाचा वाटतो. सारा माफ करा, असं त्यात नाही. जुन्या दराने घ्या, नाहीतर निःपक्षपाती पंच नेमून चौकशी करा, एवढीच मागणी. इतक्या मोजक्या मागणीसाठी वल्लभभाई पटेलांच्या मागे सुमारे ८७ हजार वस्तीचा तालुका उभा राहिला. जप्तीवाले येत असल्याची वर्दी मिळाली की दारं बंद व्हायची आणि म्हशींसकट माणसं घरात कोंडून घ्यायची. आठवडेच्या आठवडे ऊन न लागल्याने म्हशींचा रंग उतरला. गावोगाव ‘सत्याग्रह पत्रिका’ वाचली जायची. पाटील-तलाठ्यांनी राजीनामे दिले, कन्हैयालाल मुन्शींनी कौन्सिल सोडलं. हे सगळं कशासाठी, तर आपला हिशेब तिऱ्हाइताने तपासावा म्हणून.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात वाटाघाटी होऊन तडजोड झाली. चौकशीला महसूल खात्याचे मॅक्सवेल आणि न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आले. १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. दोघे गावोगाव फिरले. अँडरसन यांची सगळी मदार जमिनींच्या खंडाच्या आकड्यांवर होती. चौकशीत ते आकडे भरवशाचे ठरले नाहीत. वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. एका सरकारी माणसाने दुसऱ्या सरकारी माणसाचं गणित तपासलं आणि ते चुकीचं निघालं, तेही जाहीरपणे. लोकशाहीची ही बाजू निवडणुकीच्या धामधुमीत आपण विसरतो.

पण बारडोलीचं गुणगान इथेच थांबवलं तर ते अप्रामाणिक होईल. सारा भरत होता जमीनवाला. त्याच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या हाळी, म्हणजे कर्जापोटी बांधलेले गडी, म्हणून राबणाऱ्या दुबळ्यांच्या, म्हणजे आजच्या हळपतींच्या, नावावर जमीनच नव्हती. त्यांची वेठ त्या ठरावाचा विषय नव्हता. अमेरिकेतही वेगळं घडलं नाही. गुलामगिरी शाबूत ठेवूनच तिथली घटना लिहिली गेली. वंशावरून मत नाकारायला १८७० मध्ये बंदी आली, बायकांचा हक्क १९२० मध्ये मान्य झाला, आणि दक्षिणेतल्या काळ्या माणसाला तो प्रत्यक्ष बजावता यावा म्हणून १९६५ चा मताधिकार कायदा करावा लागला.

असं हिशेबाबाहेर राहणं आजही संपलेलं नाही. या तालुक्यात उसाच्या हंगामाला खानदेशातून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, येतात. ती आपल्याच भाषेची माणसं. त्यांच्या गावाचा विकास आराखडा साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत ठरतो, २६ जानेवारीला तिकडे ग्रामसभा भरते, आणि ही माणसं तेव्हा इथल्या पडावावर, म्हणजे तात्पुरत्या वस्तीवर, असतात. मताच्या दिवशी त्यांना गाडी करून न्यायला पुढारी येतात; ग्रामसभेला कोणी नेत नाही. रस्ता कुठल्या वस्तीला, पाणी कुठल्या पाड्याला, हे त्यांच्या माघारी ठरतं. मजूर परतल्यावर, मे महिन्यातल्या ग्रामसभेत, तोच आराखडा आणि मागचा जमाखर्च पुन्हा वाचावा, अशी लेखी मागणी त्यांच्या ग्रामपंचायतींकडे करता येईल. अर्ज मराठीतच लिहायचा आहे. या सभागृहातल्या चार जणांनी पडावावर जाऊन तो लिहून दिला, तर या हंगामातच सुरुवात होईल.