घरातील सामाईक खोली व हस्तव्यवसायाचे साहित्य



हस्तव्यवसायाचा तास बुडतो, तो बहुधा शिक्षकाच्या अनिच्छेमुळे नव्हे, तर कात्री न सापडल्यामुळे. वेळापत्रकात तास असतो, मुले उत्सुक असतात, कागदही आणलेला असतो. परंतु डिंकाची बाटली कोठे ठेवली हे आठवत नाही, रंगीत कागद कसरीने खाल्लेला निघतो, आणि अखेर त्या तासाला पाढ्यांची उजळणी होते. वरवर पाहणाऱ्यास ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या मुलाचा हात पाटीवर अडखळतो आणि मातीत मात्र मोकळा होतो, त्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातून तेवढाच एक तास येतो. तो बुडाला म्हणजे त्याचा आठवडाच बुडाला.

१९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची कल्पना मांडली आणि प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात तिला जागा मिळाली. तासाला जागा मिळाली, तरी साहित्याला जागा मिळणे हा प्रश्न निराळा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, आणि कार्यालय, भांडार व मुख्याध्यापकांची बैठक या तिहींसाठी मिळून एक खोली सांगितली आहे. म्हणजे कायद्यानेही भांडाराला खोलीचा वाटाच दिला आहे. लहान शाळेत हा वाटा दप्तराच्या कपाटांनी भरून जातो, आणि सुतळीचे गुंडे, पुठ्ठे, बांबूच्या कामट्या, रंगांच्या डब्या हळूहळू शिक्षकाच्या घरी येऊन पोहोचतात.

खेड्यातील घरात जी खोली ‘रिकामी’ म्हणून दाखवली जाते, ती खरोखर कधीच रिकामी नसते. तेथे वर्षाचे धान्य असते, अंथरुणांची वळकटी असते, जुनी ट्रंक असते. पाहुणा आला तर तो तेथेच निजतो. लेक बाळंतपणाला आली तर तिची बाजही तेथेच पडते. परीक्षेच्या दिवसांत थोरला मुलगा दार लोटून तेथेच अभ्यासाला बसतो. अशा खोलीत शाळेचे साहित्य ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या जागेत पाहुणा म्हणून जाणे होय. म्हणून सामाईक खोलीची व्यवस्था ही प्रथम माणसांची आपसांतील समजूत असते, आणि वस्तूंची मांडणी त्यानंतर येते. जेथे समजूत न करता केवळ फळ्या ठोकल्या जातात, तेथे पहिल्याच सणाच्या साफसफाईत सगळे साहित्य एका पोत्यात भरले जाते, आणि त्याबद्दल कोणालाही दोष देता येत नाही.

ही समजूत करताना ज्या हाताने ती खोली रोज झाडली जाते, त्या हाताचे मत आधी घ्यावे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना, गृहिणीला आणि शिक्षिका असेल तर तिच्या सासूबाईंनाही विचारावे की कोणती भिंत मोकळी करता येईल, कोणत्या महिन्यात खोली पुरती रिकामी लागेल, आणि कोणत्या वस्तूला कोणी हात लावू नये. एकच भिंत मिळाली तर एकीवरच भागवावे. परंतु ती भिंत ठरलेली असावी. चारही कोपऱ्यांत थोडे थोडे साहित्य शिरले, तर त्याचा अडथळा सर्वांना होतो आणि उपयोग कोणालाच होत नाही.

जागा ठरल्यावर एखाद्या कोरड्या, उन्हाच्या दिवशी सर्व साहित्य अंगणात काढावे व त्याचे तीन ढीग करावे. नित्य लागणारे साहित्य पहिल्या ढिगात, प्रसंगी लागणारे दुसऱ्यात आणि ‘कधी तरी उपयोगी पडेल’ म्हणून राखलेले तिसऱ्यात. हा तिसरा ढीगच खोली खातो. त्यावर सोपा उपाय असा की, प्रत्येक जातीच्या वस्तूसाठी एकच भांडे नेमावे. चिंध्यांना एक पिशवी, करवंट्यांना एक टोपली, बियांना एक बरणी. भांडे भरले की नवे भांडे आणावयाचे नाही. एक तर त्यातील वस्तू वर्गात वापरावयाची, नाही तर टाकून द्यावयाची. करवंट्या, फुटके डबे घरात मावत नाहीत म्हणून अंगणात ठेवणे हाही उपाय नव्हे. पावसाचे पाणी साचून त्यांत डास होतात.

यानंतर डब्यांचा विचार. विकत आणलेल्या पेट्यांची गरज नाही. तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा आतून स्वच्छ करून, त्याच्या कापलेल्या कडा हातोडीने आत वळवून घेतल्या, म्हणजे उंदराला न कुरतडता येणारी उत्तम पेटी होते. पुठ्ठ्याचे खोके हलके खरे. पण कसरीचे ते खाद्यच असल्यामुळे त्यांत कागद ठेवू नये. डब्यात काय आहे हे झाकणावर न लिहिता डब्याच्या पोटावर लिहावे. कारण झाकणांची अदलाबदल होते, डब्याची होत नाही. शिवाय अक्षरांशेजारी आतील वस्तूचा नमुनाही चिकटवावा. मण्यांच्या डब्यावर मणी, दोऱ्याच्या डब्यावर दोरा. म्हणजे ज्या आजीला वाचता येत नाही तिला, आणि ज्या नातवाला अजून अक्षरओळख व्हावयाची आहे त्यालाही, पडलेली वस्तू जागच्या जागी ठेवता येईल. सामाईक खोलीत व्यवस्था टिकते ती मांडणाऱ्याच्या आठवणीवर नव्हे, तर उचलून ठेवणाऱ्याच्या सोयीवर.

मांडणीचा क्रम कामाप्रमाणे असावा. कागदकामाला लागणारे सर्व एका डब्यात, शिवणकामाचे दुसऱ्यात, मातीकामाचे तिसऱ्यात. शाळेकडे निघताना एक डबा उचलला की तास उचलल्यासारखे व्हावे. जड वस्तू खाली, नित्याच्या वस्तू हाताच्या उंचीवर, आणि धारेच्या वस्तू उंचावर कुलपात. कात्र्या, हातोडी, सांडशी यांसाठी एका फळीवर खिळे मारून प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगाने काढावी. वस्तू परत आली नाही तर रिकामी आकृती आपण होऊन ते सांगते. वर्गात तीस मुलांना दहा कात्र्या दिल्या असतील, तर दहा परत आल्याखेरीज तास संपला असे समजू नये.

सुयांविषयी तर विशेष दक्षता हवी. ज्या खोलीत सुया, त्याच खोलीत अंथरुणे, असा हा संसार आहे. गोधडीत शिरलेली एक सुई रात्री रांगत्या मुलाला काय करील, हे सांगावयास नको. सुया मोजून द्याव्या, मोजून घ्याव्या, टोचणीच्या गादीत खोवून डबीत बंद कराव्या. आणि एखादी हरवलीच तर लोहचुंबक फिरवून ती सापडेपर्यंत त्या जागी अंथरूण घालू नये.

याहून गंभीर बाब विषाची आहे. खळ आंबू नये व तिला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची पुस्तकबांधणीतील जुनी रीत आहे. मोरचूद हे विष आहे आणि त्याचे निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे मोहक वाटतात. जेथे धान्य व मुले आहेत त्या खोलीत ते ठेवूच नये. त्यापेक्षा खळ लागेल तेवढीच ताजी शिजवावी. वाटीभर कणकेला किती तो खर्च? खळीचे भांडे स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू देऊ नये. तेलरंग, टर्पेंटाइन, स्पिरिट यांनाही धान्याच्या खोलीत थारा नसावा. त्यांचा वास धान्यात उतरतो आणि कागद-कापसाशेजारी ते पेट घेतात. उलट बाजूनेही हाच विचार करावा. धान्यातील किडीसाठी आणलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्यानेही फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतात. ज्या खोलीत माणूस निजतो अथवा बसून काम करतो, तेथे त्यांचा वापर म्हणजे प्राणाशी गाठ. धान्य चांगले वाळवून, घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवणे हाच तेथे योग्य मार्ग.

पावसाळा हा या खोलीचा खरा परीक्षक होय. कागद उभा गुंडाळून न ठेवता आडवा, फळीवर ठेवावा. भिंतीपासून चार बोटे आणि जमिनीपासून वीतभर अंतर राखावे, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीची मातीची वाट चटकन दिसते. मातीकामाची माती ओली साठवण्याचा खटाटोप करू नये. ती वाळवून, फोडून पोत्यात भरावी. वाळलेली माती वर्षानुवर्षे टिकते. लागेल तेवढी आदल्या रात्री भिजत घालावी. बांबूतील पिष्टमय द्रव्यावर भुंगेरे जगतात. म्हणून चिरण्यापूर्वी बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची बुरूडकामातील पद्धत शिक्षकानेही अनुसरावी. कापूस, लोकर, चिंध्या यांना जूनपूर्वी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा कडक ऊन द्यावे. अंथरुणांनाही त्याच दिवसांत ऊन दाखवले जाते. दोन्ही कामे एकत्र केली तर घर आणि शाळा यांची सांगडही आपोआप बसते.

आता राहिली नोंद. शाळेची मालमत्ता घरी ठेवावी लागल्यास ती मुख्याध्यापकांच्या माहितीने व लेखी नोंदीनेच ठेवावी. कात्र्या, हातोडी यांसारख्या टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत असाव्या. कागद, डिंक यांसारख्या खर्ची पडणाऱ्या वस्तूंचा जमाखर्च वेगळा असावा. शाळेच्या प्रत्येक डब्यावर शाळेचे नाव रंगाने लिहावे आणि खोलीच्या दाराआड एक यादी लावावी. समजा, शिक्षकाची अकस्मात बदली झाली, अथवा त्याहून वाईट प्रसंग घरावर ओढवला. त्या वेळी कार्यभार घेण्यास आलेल्या शिक्षकापुढे घरची माणसे गोंधळून उभी राहतात. शिवणाची कात्री आईंची की शाळेची, हे सांगणारा कोणी नसतो, आणि आयुष्यभर सचोटीने वागलेल्या माणसाच्या घरी एका दहा रुपयांच्या वस्तूवरून संशय शिरतो. यादीचा एक कागद हा प्रसंग टाळतो. ती यादी शिक्षकाच्या अब्रूची राखण करते.

हे सर्व करण्यास पैसा लागत नाही. साहित्य थोडे असले तरी चालते. परिसरातील माती, पाने, बिया, शिंपले यांतूनच बालशिक्षणाचे साहित्य उभे राहू शकते, हे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर दाखवून दिले आहे. मात्र थोडे असलेले साहित्य हाताशी असावे लागते. घरी बसलेली ही शिस्त वर्गातही न्यावी. दर आठवड्यास दोन मुलांकडे डबा मोजून घेण्याचे काम सोपवावे. वस्तू वापरणे जसे शिक्षण आहे, तसेच पुढच्याला ती सापडेल अशा जागी परत ठेवणे हेही शिक्षणच आहे. किंबहुना सार्वजनिक जीवनात अधिक उपयोगी पडते ते हे दुसरे.

येत्या सुट्टीत एक दिवस या कामासाठी राखावा, घरातील सर्वांना हाताशी घ्यावे, आणि सगळे अंगणात काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ही खोली कोणाकोणाची आहे? त्या उत्तरात ज्यांची नावे येतील त्या सर्वांना जागा पुरली, तर मुलांचा तास बुडणार नाही आणि घरच्यांची कुरकुरही राहणार नाही.