कळ खरी की खोटी?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आशाताईंनी केलेलं बोलणं)

बायांनो, नववा लागला की पोट खाली उतरतं. पहिलटकरणीचं दोन-तीन आठवडे आधी, बाकीच्यांचं कधी कधी कळा सुरू झाल्यावरच. दम कमी लागतो, दोन घास जास्त जातात, पण लघवीला सारखं उठावं लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो कळांचा. पोट दगडासारखं होतं, परत सैल पडतं. अशा वेळी लघवीला जाऊन या, तांब्याभर पाणी प्या, कुशीवर पडा. थांबली तर खोटी कळ. खरी अशी ऐकत नाही. ती बहुतेक कमरेतून पुढे येते, ठरावीक वेळाने येते आणि दर खेपेला जोर वाढतो. मोबाइलमधलं घड्याळ लावून बघा. दहा-दहा मिनिटांनी यायला लागल्या की निघा. दुसरी-तिसरी खेप असेल, दवाखाना लांब असेल, तर तेवढीही वाट बघू नका. नववा लागायच्या आत कळा आल्या तर लगेच. आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजू नका, घरी सुई टोचून घेऊ नका.

पाण्याचं मात्र वेगळं. आमच्या वस्तीवरची एक सून सकाळपासून ओली होत होती. लघवीच सुटतेय असं वाटून लाजेनं बोलली नाही. रात्री सासूच्या ध्यानात आलं, पाणमोट फुटलेली. कळ एकही नव्हती! बाळाला जंतुसंसर्ग झाला, कितीतरी दिवस दवाखान्यात काढावे लागले. आता दोघं बरी आहेत. म्हणून सांगते, पाणी गेलं की कळ असो-नसो, दवाखाना गाठा. स्वच्छ सुती कापड घ्या आणि रंग बघा. हिरवट असेल तर बाळानं पोटातच शी केलेली असते, तिथं उशीर नको.

चिकट स्रावात रक्ताचा जरासा अंश दिसला तर दिवस जवळ आले समजा. पण ताजं लाल रक्त वाहणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंड सुजणं, झटका येणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं एकही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही. १०८ लावा, गाडी फुकट येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपणालाही पैसे पडत नाहीत.

अजून एक. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरींचं माता-बाल कार्ड सासरीच राहतं. बांगड्या भरायच्या आधी ते पिशवीत टाका.